बस जरा, मंग सांग

अमरावती, १५ नोव्हेंबर २०२४

प्रिय वामनराव,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं गेलं. आता खोडत नाही, कागद घाण होतो.

काल तुझ्या मोबाइलवर फोन लावला. उचलला कुलदीपनं. बापाचा फोन पोराच्या खिशात, हे अकोल्याचं नवीनच काहीतरी. मी म्हटलं, "वामनला दे." तो म्हणाला, "काका, बाबा मीटिंगले गेले. आज त्यांचं शेरिंग हाय. मांगच्या खेपेले त्यांनी शेरिंग केलं तं साऱ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. दोघं-तिघं तं रडले बी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, राग नका मानू, पण तुमी आता फोन नका करत जाऊ. डॉक्टरनं सांगतलं, जुन्या संगतीपासून दूर ठेवा म्हणून."

जुनी संगत म्हणजे मी. अंजनगावच्या शाळेत एका बाकावर बसलो, एसटीच्या एकाच डेपोत नोकरी केली. तू वर्कशॉपमध्ये गाडीच्या पोटाखाली, मी चौकशीच्या खिडकीत माइकपुढे. संध्याकाळी बारमध्ये एकाच टेबलावर, पोरानं तुला अकोल्याला नेईपर्यंत. एवढ्या सगळ्याला तुझा पोरगा एका शब्दात 'जुनी संगत' म्हणाला. म्हणू दे. दवाखान्यात त्यानं तुझ्या उलट्या काढल्या आहेत, त्याला तो हक्क आहे.

पण मला रात्री झोप लागली नाही ती त्या दुसऱ्या शब्दानं. शेरिंग! वामनराव, तू आणि शेर?

अरे, चौथीपासून मॅट्रिकपर्यंत तुला एक ओळ पाठ होती, एक. गुल्हाने मास्तरांनी स्वतः रचलेली 'वाटसरू आणि निंब' आठवते का? गॅदरिंगला मी वाटसरू. डोक्याला मुंडासं, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं. तू निंब, दोन्ही कानांत निंबाच्या डहाळ्या खोचून उभा. मी विचारायचो:

ऊन माथ्यावर, गाव दूरवर, कुठे मिळेल थांग?

आणि निंबाने म्हणायचं, 'बैस जरा, मग सांग.' मी पुढे:

पायी काटे, वाट फुफाटे, कोण फेडतो पांग?

आणि निंबाचं परत तेच. प्रत्येक कडव्याला तीच ओळ. मास्तरांनी तुझी कुवत ओळखूनच झाडाचं काम दिलं होतं. तरी तू ती चुकायचास. "बस जरा, मंग सांग." मास्तर पट्टी घेऊन धावायचे, "मंग नव्हे रे बैला, मग! आणि बस काय, बैस!" तू हात पुढे करून म्हणायचास, "हो मास्तर, मंग."

त्या तुझ्या तोंडून शेर ऐकून अकोल्याची माणसं रडतात. मला सबंध गद्य-पद्य विभाग पाठ. बडनेऱ्यापासून धारणीपर्यंतच्या गाड्या मी छंदात पुकारल्या. माझ्या काव्यावर आजवर कोण रडलं? कोणी नाही. खोटं कशाला लिहू, मी जळलो. शेकोटीत उडी घेतल्यासारखा जळलो.

आपल्या टेबलावरचा माणूस अजूनही दोन ग्लास मांडतो. मी त्याला काही सांगत नाही. दुसऱ्या ग्लासाचं काय होतं हे तू विचारू नकोस. मी तर आता नावापुरतीच घेतो.

सुभद्रा प्रणालीकडे दर्यापूरला गेली आहे. हवापालट म्हणून. दिवाळीही तिकडेच केली. लेकीच्या घरची हवा मानवली आहे तिला.

कोणाचे शेर म्हणतोस ते कळव.

तुझा,
भगवंतराव


अमरावती, ९ डिसेंबर

वामनराव,

उत्तर नाही. ठीक आहे. निंबाला तरी कुठे पत्रं लिहिता येतात.

मी ठरवलं, जे अकोल्यात आहे ते अमरावतीत नाही असं कसं होईल? मी वाचनालयात विचारलं, "दारू सोडलेल्या लोकांचा मुशायरा कुठे भरतो हो?" तिथल्या बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "दारू सोडलेल्यांचा? मुशायरा?" त्यांना वाटलं मी पिऊन आलोय. तेव्हा नव्हतो.

शेवटी सापडलं ते जिथे मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो त्या मेडिकलच्या काचेवर. एक फिकट चिठ्ठी चिकटवलेली. 'दारूचा त्रास होतो? फोन करा. फी नाही, नाव नाही.' फी नाही हे समजलं. नाव नाही म्हणजे काय ते समजलं नाही. माणसाला नाव नाही तर दाद कोणाला द्यायची? फोन केला. पलीकडून एक तरणा आवाज, "बोला जी. कोणासाठी?"

मी म्हटलं, "एका मित्रासाठी."

"सारेच मित्रासाठी फोन करतात काका. या मित्राले घेऊन."

राजापेठच्या मागे एक शाळा आहे. संध्याकाळी तिचा चौथीचा वर्ग उघडून देतात. मी इस्त्रीचा झब्बा, नवा मफलर, खिशात अत्तराचा फाया, असा थाटात गेलो. दोनदा फाटकावरून पुढे गेलो, कारण ओळखीचं कोणी पाहील ही भीती. तिसऱ्यांदा आत शिरलो आणि वामन, माझे पायच थांबले. खडूचा वास! भिंतीवर पाढे, फळ्यावर अर्धवट पुसलेलं सुभाषित, आणि ते बुटके बाक. गुडघे हनुवटीला लागतात. मला क्षणभर वाटलं, शेजारी तू येऊन बसशील, नाक ओढत.

तू नव्हतास. नितेश नावाचा गॅरेजवाला होता, तोच फोनवरचा. माणिकबाई म्हणून एक पोक्त बाई होत्या. बाकी काही पोट्टे, काही माझ्यासारखे पिकलेले. आडनाव कोणी सांगत नाही. एकेक जण उभा राहतो आणि म्हणतो, "मी नितेश. मी दारुडा." सगळे म्हणतात, "नमस्कार नितेश." हे म्हणजे कवीनं आधी आपलं तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, सांगावं तसं वाटलं मला. दारुडा! काय तखल्लुस! मग नितेश म्हणाला, "आता शेरिंग सुरू करू. नवीन काका आले हायेत. बोलता का काका?"

मी उठलो. घसा साफ केला. "मी भगवंतराव. पेश करतो," म्हणालो, आणि सुरू झालो. आधी मंगलाचरण, मग माझ्या तीन कविता, मग श्रावणावर एक, मग निवृत्तीच्या समारंभात म्हटलेली ती मोठी. आवाज अजून आहे, वामन. पंखासुद्धा थांबला असेल.

संपलं. कोणी 'वा' म्हणालं नाही. माणिकबाईंनी दोन टाळ्या वाजवल्या आणि इकडेतिकडे पाहून थांबल्या. नितेश म्हणाला, "लय झ्याक म्हणलं काका. पण तुमचं सांगा ना."

"हे माझंच आहे," मी म्हटलं. "स्वरचित."

"तसं नाई जी. तुमच्या पिण्याचं. शेरिंग म्हणजे आपल्यावर जे बितलं ते वाटून घेणं."

मी म्हटलं, "म्हणजे शेर नाही?"

"कोणचे शेर?"

आणि मग त्यांना उमगलं. वामन, आख्खा वर्ग हसला. माणिकबाई तोंडाला पदर लावून हसल्या, एक पोट्टा तर बाकावरून खाली आला. "काका मुशायऱ्याले आल्ते राजेहो!" त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे आता लिहिताना कळतं आहे. तेव्हा मी उठलो आणि निघालो. कुठे गेलो ते तुला माहीत आहे. त्या माणसानं दोन ग्लास मांडले.

म्हणजे तू शेर म्हणत नाहीस तर. तू तुझं सांगतोस. आपल्या संध्याकाळी परक्यांपुढे सांगतोस. हे तर त्याहून वाईट.

भगवंतराव


अमरावती, २० जानेवारी २०२५

वामन,

मी परत गेलो. कारण माझा मफलर तिथे राहिला होता. थंडी किती पडली आहे ते तुला माहीतच आहे.

मफलर नितेशनं घडी घालून त्याच बाकावर ठेवला होता. "बसा काका. चहा घ्या." चहा घेणार तेवढ्यात दारात एक नवा माणूस आला. डोळे तांबडे. तो उभ्या उभ्याच बोलू लागला, बायको, नोकरी, आई, सगळं एका दमात, शब्दाला शब्द लागेना. नितेश शांतपणे म्हणाला, "बस जरा." आणि सगळा वर्ग एका सुरात: "मंग सांग."

एका सुरात म्हणजे सुरात, वामन. 'सांग'वर आवाज खाली येतो तो मास्तरांचा सूर. 'बस जरा' वऱ्हाडात कोणीही म्हणेल. 'मंग सांग'ही म्हणेल. पण त्या चालीत, त्या चुकीसकट? ही चूक जगात एकाच माणसाची आहे. मास्तरांच्या पट्टीचे वळ आहेत त्या चुकीवर.

मी नितेशला विचारलं, "हे कुठलं?"

"अकोल्याहून आलं जी. तथी एक वामनभाऊ हायेत, त्यांचं वाक्य हाय. नवीन माणूस आला का साऱ्याईनं म्हणाचं. आता वाशीमलेबी म्हणतात म्हणे."

वाशीमलाही!

आता माझं ऐक. ती ओळ आपली होती. त्या कवितेत एकोणीस ओळी माझ्या होत्या आणि मी त्या एकही न चुकता आजवर सांभाळल्या. माझ्या ओळी कोणाला ठाऊक नाहीत. आणि तुझी एक, तीही अशुद्ध, अमरावतीपासून वाशीमपर्यंत लोक तोंडपाठ म्हणतात! तू ती वाटून टाकलीस. प्रसादाच्या बुंदीसारखी, येईल त्याच्या हातावर. मला विचारलं नाहीस.

पुढे आणखी कळलं. तुला म्हणे एक 'स्पॉन्सर' आहे. मी दचकलो. मला वाटलं क्रिकेटवाल्यांना असतात तसा कोणी शेठ तुझा खर्च करतो की काय. तर नाही. स्पॉन्सर म्हणजे, नितेशच्या भाषेत, "ज्याले अर्ध्या रात्री बी फोन लावता येते असा माणूस." त्याचं नाव हेमचंद्र. हेमचंद्र! नाव ऐकूनच कळतं, घरी पितळेचा झोपाळा असेल, आवाज खर्जातला असेल, 'वामनराव, असं पाहा' म्हणत असेल. तुझा फोन माझ्यासाठी कुलदीपच्या खिशात आणि त्याच्यासाठी तुझ्या उशाशी.

तुला कावीळ झाली तेव्हा तुझ्यासाठी मूळव्याधीच्या वैद्याकडे सुद्धा मी गेलो होतो, कारण दुसरा उघडा नव्हता. तेव्हा हा हेमचंद्र कुठे होता?

आणि एप्रिलमध्ये तुझा 'वाढदिवस' आहे असंही समजलं. सोडल्याला वर्ष झालं की मेडल देतात. ते हेमचंद्र देणार. का? मेडल मी देणार. मी तुला झाडाच्या डहाळ्या कानात खोचून दिल्या आहेत, मेडल काय जड आहे?

या खेपेला मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हतं. तिथला नियम आहे, ज्यानं आज घेतली त्यानं आज फक्त ऐकायचं. नितेश बाहेर काढत नाही कोणाला. फक्त विचारतो, "काका, आज?" आणि मी मान वळवतो.

भ.


अमरावती, ८ मार्च

वामन,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं दोनदा वाचून दिलं असणार, कारण हसत होता. "१३ एप्रिल. रविवार. सकाळी दहा. ये. कोरडा ये." एवढंच. सही नाही. 'कोरडा'च्या 'को'ला काना दोनदा. मला अक्षर कळलं.

मी ते उशाखाली ठेवलंय असं कोणाला सांगू नकोस.

दर गुरुवारी जातो. ऐकतो. माणिकबाई छान सांगतात. नवरा प्यायचा म्हणून त्या बाटली लपवायच्या, लपवता लपवता त्यांनाच लागली. हे त्या असं सांगतात, जणू भाजीत मीठ जास्त पडलं. मला प्रत्येक वेळी वाटतं की ही उपमा मी अशी बसवली असती, तो शब्द असा. मग वाटतं, त्या बसवत नाहीत म्हणूनच ऐकू येतं. हे मला आवडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दर्यापूरला जाऊन आलो. प्रणालीनं दार उघडलं, चहा दिला. सुभद्रा ओसरीत गहू निवडत होती, उठली नाही. मी तिच्यासाठी चार ओळी रचून नेल्या होत्या. दोनच म्हटल्या असतील, ती सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, "राहू द्या जी. तुमच्या कवितेले वास येते."

प्रणाली म्हणाली, "आई!"

"काय आई? कविता सुरू झाली का मी समजो, दुसरा गिलास झाला म्हणून. इतके वरीस मले घड्याय नाई लागलं."

त्या दिवशी मी घेतली नव्हती, वामन. खरंच नव्हती. पण तिला कविता ऐकूनच वास आला. येताना गाडीत मी एकही ओळ गुणगुणलो नाही. दर्यापूर ते अमरावती गप्प बसलेला मी, विश्वास ठेव.

१३ तारखेला येतो. हेमचंद्रांना सांगून ठेव, मेडल माझ्या हातून.

भगवंत


अमरावती, १४ एप्रिल

वामन,

काल तू सगळं पाहिलंस. तरी लिहितो, कारण पाहणं वेगळं.

सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली. बडनेरा गेलं तोवर मी ठीक होतो. इस्त्रीचा झब्बा, खिशात तुझं कार्ड. आदल्या काही दिवसांत मी ग्लासाला शिवलो नव्हतो. पण बडनेऱ्यानंतर डोळ्यांपुढे हेमचंद्र आला. उंच, गोरा, खर्जातला. तुझ्या गळ्यात मेडल घालतोय आणि तू त्याच्याकडे तसा पाहतोयस, जसं तू आयुष्यात फक्त एकदा, गॅदरिंगच्या स्टेजवर, माझी ओळ संपायची वाट बघत माझ्याकडे पाहिलं होतंस. मूर्तिजापूरला गाडी थांबली. पाणी प्यायला उतरलो, असं मी लिहिणार होतो.

अकोल्यात त्या समाजमंदिराच्या दारात तू उभा होतास. पांढरा शर्ट, गाल भरलेले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसतोस, याचाही मला राग आला. "भग्या," म्हणालास. जवळ आलास आणि थांबलास. तुझं नाक वर्कशॉपमधलं, डिझेलची गळती हाताआधी नाकानं ओळखणारं.

"घेतली?"

माझ्याजवळ उत्तरं होती. चहा घेतला, औषध घेतलं, पानात काहीतरी होतं. चौकशीच्या खिडकीत उभी हयात गेली, गाडी कुठे आहे हे माहीत नसतानाही 'येतच आहे' म्हणायची सवय आहे मला. पण तू कानात डहाळ्या खोचलेल्या पोट्ट्यासारखा उभा होतास. काय ऐकायला मिळेल ते ऐकायचं, एवढंच तोंडावर.

"घेतली," मी म्हणालो. "मूर्तिजापूरले."

"मंग आज तुले बोलता नाई येणार."

"माहीत आहे."

"मेडलबी नाई."

मी वळलो. स्टँडची रिक्षा समोरच होती. तू मागून म्हणालास, "कोठी चालला? बस जरा."

तेवढंच. पुढची अर्धी ओळ तू म्हणाला नाहीस. आज ती मला लागू नव्हती. मला वाटतं, तू आयुष्यात पहिल्यांदा ओळ बरोबर म्हटलीस.

मी मागच्या रांगेत बसलो. आणि मग हेमचंद्र आला.

वामन, तू मला सांगितलं का नाहीस? मी महिनोन्‌महिने ज्याच्या आवाजावर जळलो, तो बुटका, टक्कल पडलेला, पायजम्याची नाडी बाहेर आलेली, आणि बोबडाही नव्हे, अडखळणारा! तुझं नाव घ्यायला त्याला किती वेळ लागला! "वा… वा… वा…" सगळा हॉल वाट पाहतोय. माझ्या जिभेवर 'मन' तयार होतं, माझे ओठ हललेसुद्धा. हॉलमध्ये दुसरं कोणी हललं नाही. तूही नाही. तू त्याच्याकडे पाहत थांबला होतास, आणि ते 'मन' त्याचं त्यानंच आणलं. मग मेडल दिलं. मग तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो आहे.

इतकी वर्षं संध्याकाळी त्या टेबलावर तू काही बोलायला तोंड उघडायचास, आणि मी तुझं वाक्य पुरं करायचो. छान पुरं करायचो. यमकासह.

मग तुझं शेरिंग झालं. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मी वामन. मी दारुडा. मायाजवळ एकच ओळ हाय, साऱ्याईले मालूम हाय. पण ते उत्तराची ओळ हाय राजेहो. सवाल मायाजवळ नाई. सवाल मायाल्या दोस्ताजवळ हाय. त्याले मोठमोठे सवाल पाठ हायेत. पण तो विचारत नाई, नुसता म्हणते. तो विचारीन तवा मी सांगीन. तोवर मी म्हणजे नुसतं झाड, कानात पाला खोचेल."

सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बाजूचा माणूस मला म्हणाला, "वामनभाऊ लय भारी बोलतात, नाई?" मी म्हटलं, "हो. पण ओळ चुकतात." तो म्हणाला, "असं? कुठं चुकतात?" आणि मला सांगता येईना. मी मनात दोन्ही म्हणून पाहिल्या. 'मग सांग.' 'मंग सांग.' साठ वर्षं मास्तरांची बाजू घेतली मी, वामन. पण 'मंग' आणि 'सांग' जुळतं. 'मग' जुळत नाही.

आलुबोंडे चांगले होते. हेमचंद्रांनी मला दुसरा दिला. मी घेतला, पण आभार मानले नाहीत.

भगवंत


अमरावती, २५ एप्रिल

वामन,

काल गुरुवार होता. नितेशनं विचारलं, "काका, आज?" आणि मी मान वळवली नाही. "नाही," म्हणालो. "कालही नाही." त्याआधीचं विचारू नकोस, सांगायला लाज वाटावी इतकं थोडं आहे.

झब्बा नव्हता. अत्तर नव्हतं. उठलो तर गुडघा बाकाला लागला. "मी भगवंत," म्हणालो. 'राव' तोंडापर्यंत आला होता, गिळला. पुढचा शब्द म्हणायला मला हेमचंद्राला तुझं नाव घ्यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला असेल. कोणी तो पुरा करून दिला नाही. मग म्हणालो. "नमस्कार भगवंत," सगळे म्हणाले.

इतकं पाठांतर, पण एक ओळ येईना. शेवटी म्हणालो, "माझी बायको हवापालटाला गेलेली नाही." एवढं निघालं आणि पुढचं आपोआप येत गेलं, वेडंवाकडं, मात्रा नाही, यमक नाही. तिसऱ्या बाकावरच्या एकानं मध्येच जांभई दिली. टाळ्या झाल्या, पण कुलदीपनं सांगितल्या तेवढ्या नव्हेत. रडलं तर कोणीच नाही. माणिकबाई फक्त म्हणाल्या, "भगवंतभाऊ, आज तुमचा आवाज लहान होता. बरा वाटला."

तुझ्यावेळी दोघं-तिघं रडले होते. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रणालीचा सकाळी फोन आला होता. सुभद्रा मागून म्हणत होती, "काहून फोन लावला म्हणा? कविता सांगून राहिले काय?" प्रणाली म्हणाली, "नाई आई, फोन मी लावला. ते चुप हायेत." मग पलीकडून सुपातल्या गव्हाचा आवाज येत राहिला, पण कोणी फोन ठेवला नाही.

हेमचंद्रांना नमस्कार सांग. नको, सांगू नकोस. मीच येऊन सांगेन, जमेल तेव्हा.

आता संध्याकाळ होते आहे. त्या टेबलावरचा माणूस ग्लास मांडत असेल. मी पत्र लिहितो आहे. एप्रिलचं ऊन अजून गच्चीवरून हललेलं नाही, आणि रात्र पुष्कळ लांब आहे. वामन,

ऊन माथ्यावर, गाव दूरवर, कुठे मिळेल थांग?

ही ओळ मी आजवर नुसती म्हणत आलो. विचारतो आज पहिल्यांदा. खालची तू पाठव. मंगवालीच पाठव.

भग्या